डाव्या अंगठ्याचा जबाब

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या उजव्या अंगठ्याचे हाड मुळाशी मोडले. ठिकाण, आमच्या घरासमोरचा रस्ता, नाकाडोंगरीच्या थोडे अलीकडे. मी मोटारसायकलवर बसलो होतो. गाडी सुरू होती आणि दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ देवानंद याने मागचे कॅरिअर दोन्ही हातांनी धरून गाडी उजवीकडे ओढली. गाडी पडली, मूठ सुटली नाही. माझे आणि गाडीचे वजन अंगठ्याच्या मुळावर आले.

त्या वेळी तिथे तिघेच होतो. मी, देवानंद आणि फाटकात उभी असलेली माझी बायको सुमन.

ज्यांचा अंगठा मोडला आहे त्यांना पुढचे काही उपयोगी पडेल. मात्र ही वही मी सुरू केली ती दुसऱ्या कामासाठी. देवानंदने जे केले ते वेळेसह, क्रमाने लिहून ठेवायचे आणि योग्य ठिकाणी वापरायचे, असे ठरवले होते. पहिली काही पाने डाव्या हाताची आहेत.

चार ओळी

मी सत्तावीस वर्षे नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर गावी आलो. थोडी शेती आहे, ती सुमन पाहते. मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो.

जूनमध्ये चिखल्याच्या खाणीकडून येणाऱ्या एका टिप्परने वळणावर शाळेची भिंत पाडली. शाळेला सुटी होती, कोणाला लागले नाही. टिप्पर एका खासगी वाहतूकदाराचा होता आणि चालवत देवानंद होता. मी चार ओळींची बातमी पाठवली. त्यात चालकाचे नाव होते.

सुमनने बातमी छापून आल्यावर वाचली. "नाव टाकाच लागते का जी?" तिने विचारले.

"बाकीच्या चालकांची टाकतोच."

आठवड्याभरात वाहतूकदाराने देवानंदला कामावरून काढले.

त्या सोमवारी तो आला तेव्हा प्यायलेला नव्हता. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण नंतर गावात तसे सांगितले गेले.

"चार ओळी लिवल्या तुमी, भाऊजी. चार ओळीत माही गाडी गेली."

"भिंत कोणी पाडली?"

"भिंत त सरपंच दुसरी बांधून देते. मले कोन बांधून देते?"

"बातमीत चूक असेल तर सांग. दुरुस्ती छापून आणतो."

"हेच! हेच बोलनं तुमचं! घरातला मानूस मरून पडला तरी तुमी आधी काना-मात्राच पाहान!"

मी गाडीला किक मारली. माझ्या दृष्टीने चर्चा संपली होती. सुमन म्हणाली, "देवा, हात सोड." पुढचे वर लिहिले आहे. गाडी आडवी झाल्यावर देवानंदने माझ्याकडे पाहिले आणि तो पायी निघून गेला. त्याने मला उचलले नाही.

गिरजाबाईंचा पाय

यानंतरची चूक माझी आहे.

आमच्या शेजारच्या गिरजाबाई पायाळू आहेत. जन्मताना ज्याचे डोके आधी येत नाही, पाय आधी येतात, तो पायाळू. अशा माणसाचा पाय लागला की लचक उतरते, असे आमच्याकडे मानतात. कमरेत लचक भरली की गावातली माणसे गिरजाबाईंच्या ओसरीवर पालथी पडतात.

त्यांनी माझा अंगठा पाहिला. मुळाशी सूज आली होती आणि अंगठा आखूड दिसत होता.

"मुरगळला हाय," त्या म्हणाल्या. "मोडला असता त तुमी असे बसून रायले असते का, पेपरवाले? बेसुद पडले असते."

सुमन म्हणाली, "दवाखान्यात जाऊ जी, सीधं."

मी म्हणालो, "एकदा पाहू दे त्यांना."

अशा उपचारांविरुद्धचे लेख मी तपासून छापलेले आहेत. तरीही हात पुढे केला. मुरगळला आहे, हेच कोणाकडून तरी ऐकायचे होते. गिरजाबाईंनी माझा तळहात पाटावर ठेवायला सांगितला आणि अंगठ्याच्या मुळावर डाव्या पायाची टाच तीन वेळा दाबली. तिसऱ्या वेळी आतून आवाज आला.

"बसला," गिरजाबाई म्हणाल्या.

हाड त्यामुळे जास्त सरकले का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. म्हणून मीही सांगत नाही. एवढेच सांगतो की अंगठ्याच्या मुळाशी सूज असेल, चिमटीत कागद धरता येत नसेल, तर चोळू नका, ओढू नका आणि कोणाचाही पाय लावून घेऊ नका. हात छातीशी धरा आणि निघा.

रुग्णालयात

सुमनबरोबर काळीपिवळी जीपने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलो. इंजेक्शन दिले, हात कोपरापर्यंत कच्च्या प्लास्टरमध्ये बांधला. एक्स-रे फोटोत हाड मोडलेले दिसत होते. भंडाऱ्याला न्या, असे सांगण्यात आले.

मारहाणीची किंवा अपघाताची शंका असली की रुग्णालयातून पोलिसांना कळवतात. चौकीवरचे हवालदार वही घेऊन आले. ते सातारा भागातले होते, बदली होऊन नुकतेच आले होते. रोवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे, दिवस होते. शेजारच्या खाटेवर भाताच्या बांधीत साप चावलेली बाई होती आणि तिची सात-आठ माणसे रडत होती. मला इंजेक्शनची गुंगी होती. हवालदार सुमनशी बोलत होते. तिचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते.

त्यांनी लिहिलेला कागद माझ्यासमोर धरला. उजवा हात बांधलेला होता.

"डावा द्या साहेब," हवालदार म्हणाले. "शिकलेल्या माणसाचा पण कधीमधी अंगठाच लागतो बघा."

त्यांनी माझा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. सत्तावीस वर्षांत मी एकही पान न वाचता सोडले नव्हते. हे सोडले.

जवळपास

मंगळवारी भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी नवीन फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. अंगठ्याचे पहिले हाड मनगटाजवळ ज्या सांध्यात बसते, तिथे त्याची एक कपची तुटून जागेवर राहिली होती. बाकीचे हाड स्नायूंच्या ओढीने वर आणि बाहेर सरकले होते. नुसत्या प्लास्टरने ते जागेवर राहणार नाही, दोन तारा घालाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले.

"काम काय करता?"

"लिहितो."

"मग चिमटीचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको."

"पूर्वीसारखा होईल?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे किती?"

"पत्रकार का तुम्ही?"

"हो."

"जवळपास म्हणजे जवळपास."

सुमन हसली. सोमवारपासून ती पहिल्यांदा हसली होती. मला त्या शब्दाची भीती वाटली, हे लिहायला हवे. हाताने लिहिण्याशिवाय मला दुसरे काम येत नाही.

शस्त्रक्रियेसाठी बगलेत सुई देऊन फक्त हात बधिर केला. पडद्यापलीकडे काय चालले आहे ते ऐकू येत होते. मध्येच कोणीतरी माझ्या छातीवर एक हात ठेवला. जड होता, गरम होता. तो काढा, असे मी म्हणालो. परिचारिका म्हणाली, "काका, तुमचाच आहे."

तीन दिवस वॉर्डात होतो. पहाटे ताप मोजायचे, सात वाजता चहा, नऊ वाजता डॉक्टरांची फेरी, बोटांची नखे दाबून रक्त परत येते का ते पाहणे, हात उशीवर उंच ठेवणे. हात खाली लोंबला की अंगठ्यात ठोके पडत. बोटे हलवत राहा, असे दर फेरीला सांगत.

शेजारच्या खाटेवर गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलेले एक गृहस्थ होते. आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात आणि धरणात मासे धरतात. नावेतून उतरताना त्यांची मांडी मोडली होती.

"तुमचं काय मोडलं?"

"अंगठा."

"आंगठा? आंगठ्यासाठी खाट देते का हे? मी त मांडी मोडून हासून राहिलो!" मग त्यांनी विचारले, "कसा मोडला?"

"साळ्यानं पाडलं."

"मंग आता काय करान?"

"कायद्यानं करीन."

"कायदा करते जी, पर आरामात करते. तवपावतर तुमचा आंगठा जुडून जाते, आन् रागबी."

सुमन मला चमच्याने वरण-भात भरवायची. तो डबा उघडला की हे गृहस्थ दुखऱ्या मांडीसह भिंतीकडे तोंड करून पडत आणि माझे जेवून होईपर्यंत वळत नसत.

नाडी

अंगठ्याशिवाय काय होत नाही, याची यादी घरी आल्यावर झाली. शर्टाचे बटण लागत नाही. पेस्टचे झाकण उघडत नाही. तांब्या धरता येतो, ओतता येत नाही. भात कालवता येत नाही. वर्तमानपत्राचे पान उलटते, पण दुमडत नाही. आणि पायजम्याची नाडी बांधता येत नाही.

घरात रोवणीची घाई होती. सुमन सकाळी सहाला बाया घेऊन बांधीत जायची. जाण्याआधी ती माझी नाडी बांधायची. पहिल्या दिवशी गाठ सुटेना आणि माझी अडचण झाली. दुसऱ्या दिवसापासून तिने सरकगाठ मारली. एक टोक लांब ठेवायची, डाव्या हाताने ओढले की सुटेल असे. अंघोळीच्या वेळी प्लास्टरवर खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी चढवून वर सुतळी बांधायची. पाणी आत गेले नाही.

ती एकदाही चिडली नाही. देवानंदचे नावही तिने काढले नाही. या दोन्ही गोष्टी मी वहीत लिहिल्या.

प्रत

पोलीस देवानंदला कधी बोलावतात, याची मी वाट पाहत होतो. त्याला ठाण्यात बसलेला मी मनात अनेकदा पाहिला होता. तिथले बाक मला माहीत आहे, त्याची एक फळी तुटलेली आहे. त्याने त्या फळीवर बसावे, अशी माझी इच्छा होती.

जुलैचा शेवटचा आठवडा आला तरी कोणी त्याला बोलावले नाही. मी अर्ज करून जबाबाची प्रत मिळवली. त्यात मजकूर दोन वाक्यांचा होता.

"मी मोटारसायकल घसरून पडलो. मला माझ्या पत्नीच्या भावाने दवाखान्यात आणले."

खाली माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. ठसा स्पष्ट उमटला होता.

गाडी घसरली नव्हती. देवानंदने मला दवाखान्यात आणले नव्हते, तो पाठ फिरवून गेला होता. दोन वाक्ये, दोन्ही खोटी. हवालदारांशी एकच व्यक्ती बोलली होती. तिने भावाला वाचवले होते, आणि वर त्याला माझा उपकारकर्ता केले होते. पहिले वाक्य मी कदाचित समजून घेतले असते. दुसऱ्या वाक्याने माझा निर्णय झाला.

बातमीच्या कामात एक नियम असतो. आधी कागद मिळवा, मग माणसाला विचारा. कागद माझ्याकडे होता. माणसाला विचारण्याची गरज मला वाटली नाही.

त्याच आठवड्यात पुरवणी जबाब देता आला असता. पण त्याखाली पुन्हा डाव्या अंगठ्याचा ठसा लागला असता. मला उजव्या हाताची सही हवी होती. तोपर्यंत थांबायचे ठरवले.

इलॅस्टिक

मी बाजारातून इलॅस्टिकचे तीन पायजमे मागवले.

सकाळी सुमन नाडी बांधायला आली तेव्हा मी तयार होतो. तिने पायजम्याकडे पाहिले.

"हे कवा आनले?"

"काल."

"चांगलं केलं," ती म्हणाली आणि बांधीत गेली.

शर्टाऐवजी बनियन घालू लागलो. भात सोडला. पोळीचा तुकडा डाव्या हाताने तोडता येतो. तिच्या हातून काहीही घ्यायचे नाही, असा नियम केला आणि तो पाळला. विचारले तर उत्तर द्यायचे, स्वतःहून बोलायचे नाही.

"हाताले तरास हाय का तुमाले?"

"नाही."

"मंग बोलत काहून नाई?"

"बोलतो आहे."

"हे बोलनं व्हय का? रेडिओवर बाजारभाव सांगते तसं?"

गोंदियाला सासरी असलेल्या लेकीचा फोन आला की सुमन फोन घेऊन अंगणात जाऊ लागली.

ऑगस्टमध्ये राखी आली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती राखीला माहेरी गेली नाही. दुपारी देवानंद फाटकाशी आला. हातात केळ्यांची फणी होती. मी खिडकीत होतो. सुमन ओसरीवरूनच म्हणाली, "जाय."

"ताई, आयक त खरं."

"जाय म्हनलं ना."

तो केळी फाटकाच्या खांबावर ठेवून गेला. ती तिने गिरजाबाईंच्या गाईला घातली. मी वहीत वेळ लिहिली आणि पुढे एक शब्द लिहिला, "नाटक". त्यापुढे प्रश्नचिन्ह होते का, हे आज तपासून पाहिले. नव्हते.

तारा

सहाव्या आठवड्यात तारा काढल्या. भूल नव्हती. डॉक्टरांनी पकडीने तारेचे टोक धरले, फिरवले आणि ओढले. दुखले नाही, पण हाडातून काहीतरी सरकते आहे हे कळते. ज्यांच्या तारा काढायच्या आहेत त्यांनी दुसरीकडे पाहावे. मी पाहत होतो.

प्लास्टरखालून निघालेला हात माझ्या वडिलांचा वाटला. कातडी सोलत होती, अंगठ्याखालचा मांसल गड्डा बसला होता. अंगठा करंगळीपर्यंत जात नव्हता, मधल्या बोटावर अडत होता.

व्यायाम शिकवणारी मुलगी भंडाऱ्याचीच होती. तिने कणकेचा गोळा दाबायला लावला, मग कपड्यांचे चिमटे, मग ताटातून तुरीचे दाणे एकेक उचलणे. आठव्या आठवड्यात तिने पेन दिले. जाड पेन घ्या, त्यावर कापड गुंडाळा, असे सांगितले. ते उपयोगी आहे.

मी एकच शब्द लिहू लागलो. "पाडले." पानभर, ओळीखाली ओळ. "पडलो" आणि "पाडले" यांत माझ्यासाठी सगळा फरक एका कान्याच्या जागेचा होता. काना ओढताना अंगठ्याला वरून खाली सरळ दाब द्यावा लागतो, तिथेच दुखायचे.

तिने वही पाहिली. "काका, एवढं एकच काय लिहिता? नाव लिहा, पत्ता लिहा."

"याचीच गरज आहे."

"बरं. पण ड अजून लंगडतोय तुमचा. आणि काना बघा, बेवड्यासारखा चाललाय."

व्यायाम दिवसातून तीन वेळा सांगितला होता. मी सहा वेळा करत होतो. त्यामुळे सूज परत आली आणि चार दिवस सगळे बंद ठेवावे लागले. सुडाने हात लवकर बरा होत नाही. तीन म्हणजे तीनच वेळा करावे.

ठाणे

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी मी ठाण्यात गेलो. तेच हवालदार आता तिथे होते.

"मी पडलो नव्हतो," मी म्हणालो. "मला पाडले."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी गुंगीत होतो. माझ्या बायकोने सांगितले ते तुम्ही लिहिले."

"तेच लिहिलं. दोनदा विचारून लिहिलं. तुमच्या मंडळी म्हणाल्या, पडलं ना, पडलं ना. आता तुम्ही म्हणताय पाडलं."

"ती नेमके काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा."

"आता नेमकं कसं सांगू? अडीच महिने झाले. शेजारी ती साप चावल्याली बाई, तिची माणसं गळा काढून रडत होती." त्यांनी डोळे मिटले. "'माह्या भावानं'... असं होतं सुरुवातीला. मी म्हटलं भावानं आणलं असंल दवाखान्यात. मग 'पडलन जी, पडलन'. तुमच्याकडं शेवटी ते न-न काय लावतात, मला तवा नवीन होतं. पडलं ना, असंच ना ते?"

"पडलन असा शब्द नाही," मी म्हणालो.

आमच्याकडे बोलताना दुसऱ्याने केलेल्या कामाला शेवटी न लागतो. त्यानं सांगतलन. त्यानं मारलन. पडण्याला तो न लागत नाही, कारण पडणारा आपोआप पडतो. हे मी हवालदारांना सांगितले.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"पाडलन. माह्या भावानं पाडलन जी."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "आमच्याकडं नुसतं पाडलं म्हणतात," ते म्हणाले.

मग त्यांनी नवीन कागद घेतला आणि पुरवणी जबाब लिहिला. मी तो तीन वेळा वाचला. एका जागी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. उजव्या हाताने सही केली. साक्षीदार म्हणून बायकोला घेऊन या, असे त्यांनी सांगितले.

सूप

सुमन ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"त्या दिवशी हवालदारांना तू काय सांगितलेस?"

"काय सांगीन? माह्या भावानं पाडलन, म्हून सांगतलं. दोनदा सांगतलं. त्यायले आयकूच नोहतं येत. काहून?"

मी जबाबाची प्रत तिच्याकडे दिली. ती दहावीपर्यंत शिकली आहे. तिने दोन्ही वाक्ये बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे तुमच्यापाशी कवापासून हाय?"

"जुलैच्या शेवटापासून."

"म्हनून ते पायजमे."

"हो."

"आन् मले एकडाव इचारलं नाई."

"नाही."

तिने सूप खाली ठेवले.

"पोलीस देवाकडे गेले नाईत त मले वाटलं, तुमीच सोडून देलं. माह्यासाठी. भाऊ हाय म्हून. मी गिरजाबाईले सांगत होती, आमचे मानसं बोलत नाईत, पर मन मोठं हाय त्यायचं. मी भावाले उंबऱ्यावरून परत धाडलं. राखी नाई बांधली. आन् तुमी आठ हप्ते मले चोर समजून राहिले."



गुरुवार

गुरुवारी सकाळी साडेदहाला ती माझ्याबरोबर ठाण्यात आली. खांद्याला पिशवी होती. देवानंदला त्याच वेळी बोलावले होते. तो बाकावर बसला होता.

"बाई, लिहू का?" हवालदारांनी विचारले. "सख्खा भाऊ आहे तुमचा."

"लिवा. आन् लिवून झालं का वाचून दाखवा. एकेक अक्षर."

देवानंद म्हणाला, "ताई, तू बी?"

"तू गप रे. तुले कोनं इचारलं नाई."

तिने सगळे सांगितले. कॅरिअर कुठे धरले, कोणत्या हातांनी धरले, गाडी कोणीकडे ओढली, तो कसा निघून गेला. शाळेच्या भिंतीची बातमीही सांगितली. मी हात पुढे केला तेव्हा गिरजाबाईंनी टाच दाबली, हेही सांगितले. हवालदारांनी वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी थांबवले आणि मग सही केली.

देवानंदवर गुन्हा नोंदवला गेला. मला हवे होते ते तेवढे झाले.

बाहेर आल्यावर ती घराकडे वळली नाही, बसस्थानकाकडे गेली. गोंदियाची गाडी लागलेली होती. मी दारापर्यंत गेलो.

"परत कधी येशील?"

"आता इचारता येते तुमाले?" ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. गाडी अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी सुटली.

त्यानंतरची स्थिती अशी. अंगठा करंगळीच्या टोकापर्यंत जातो, मुळापर्यंत जात नाही. बटण लागते. अर्धा तास लिहिता येते, मग गड्डा आखडतो. थंडीत दुखेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. हाड जुळले आहे आणि सांधा जागेवर आहे, हे फोटोत दिसते. देवानंद जामिनावर बाहेर आहे.

सुमन गोंदियाला लेकीकडे आहे. काल दुपारी चार वाजता मी फोन केला. तो लेकीने उचलला. आई घरातच आहे, असे तिने सांगितले. फोन आईकडे गेला नाही.